डॉक्टरने रुग्णाविषयी कळवल्यावर पोलिसांनी कोणाला काय सांगावे?

मालवण तालुक्यातील एक डॉक्टर :
रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची औषधे चालू असलेल्या एका तरुणाच्या दोन्ही मनगटांवर मला दोरीचे वळ दिसले. मांगरात (घराबाहेरच्या खोपीत) बांधून ठेवतात, असे तो हळूच म्हणाला. सोबतच्या काकांनी ते हसण्यावारी नेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 101 नुसार अशी हेळसांड लक्षात आलेल्या कोणीही ती पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला कळवायची असते, म्हणून मी त्याच संध्याकाळी फोन केला.

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई गेले आणि खळ्यात (घरापुढच्या अंगणात) उभे राहून, वाडीतल्या चार माणसांदेखत, "डॉक्टरांची तक्रार आहे" असे म्हणाले. आतून "बरो आसा तो, निजलो हा" (बरा आहे तो, झोपला आहे) असे उत्तर आले आणि ते परतले. हे मला नऊ दिवसांनी एका रिक्षावाल्याकडून कळले. तोवर त्या तरुणाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि घरच्यांनी माझी पायरी चढणे सोडले होते. पोलिसांनी दारात डॉक्टरचे नाव घेऊ नये, रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि पाहिले की नाही एवढे त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त हवालदार, देवगड :
आपली कळकळ समजते, तरी हे पटत नाही. दहा घरांच्या वाडीत मनगटे कोणी पाहिली हे ओळखायला पोलिसांनी नाव घ्यावे लागत नाही. शिवाय कलम 101 अधिकाऱ्याला दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल द्यायला सांगते, डॉक्टरकडे नव्हे. घरातली गोष्ट तिसऱ्याला सांगितली म्हणून उद्या तेच कुटुंब आमच्याविरुद्ध अर्ज करील. आणि फोनवरच्या "जरा बघून या" वरून स्टेशन डायरीत काय नोंदवायचे?

डॉक्टर :
लेखी द्यायला हवे होते, ही माझी चूक. पण घरच्यांनी मनात ओळखणे वेगळे आणि गणवेशातल्या माणसाने चारचौघांत सांगणे वेगळे. पहिल्यात त्यांना माझ्याकडे परत येण्याची वाट उरते. गोपनीयता मलाही कलम 23 ने बांधलेली आहे, आणि जिवाचा धोका टाळण्यापुरतेच मी सांगितले. घरात काय बोलणे झाले ते मी विचारतच नाही.

एका रुग्णाचा भाऊ, वेंगुर्ला :
माझा भाऊ रात्री उठून खाडीकडे चालू लागायचा, तेव्हा आम्हीही पडवीच्या दाराला कडी घातली आहे. त्या काळात खळ्यात पोलीस आले असते तर आईने कोणत्याच डॉक्टरचे तोंड पाहिले नसते. आधी आरोग्य सेविकेला पाठवून घरच्यांशी बोलावे. डॉक्टरांनी थेट ठाणे गाठणे मला अन्यायाचे वाटते.

डॉक्टर :
कडी आणि दोरी यांत मी फरक करतो. साखळीने बांधण्याला तर हाच कायदा कलम 95 मध्ये स्पष्ट मनाई करतो. मात्र सेविका सोबत असती तर शिपाई दारातून परतले नसते, हे मान्य आहे.

निवृत्त हवालदार :
रुग्ण न पाहता परतणे चूकच होती, त्याचे समर्थन मी करणार नाही. "भेट झाली" किंवा "झाली नाही" इतके ठाणे अंमलदाराने कळवायलाही हरकत नाही. त्यापुढे मात्र एक शब्दही नको. आता उशीर न करता लेखी अर्ज द्या, त्यात वळांचे वर्णन आणि गोळ्या संपल्याची तारीख घाला, आणि दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका.