डॉन ऑफ मॅन: हिवाळ्यात शेळ्या मरतात, पेंढा पुरत नाही

रानवाट:
मंडळी, मदत करा. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून 'डॉन ऑफ मॅन' हा गेम घेतला. 2019चा आहे, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर नीट चालतो. इ.स.पू. 10000पासून टोळी सांभाळत लोहयुगापर्यंत न्यायची. पहिले दोन टप्पे मस्त गेले. मॅमथ मारला, कुत्री माणसाळवली, मांस वाळवून ठेवायला शिकलो. नवाश्मयुगात आलो आणि सगळं बिनसलं.

माणसं चाळीस, शेळ्या-मेंढ्या बावीस. शेतं चार, दोनात जव, दोनात वाटाणा. तंबू मोडून सगळ्यांना झोपड्या बांधल्या, त्याचा फार आनंद झाला होता. पण बर्फ पडला की महिन्याभरात पेंढा शून्य. काल रात्री गोठ्याच्या दारातच एक करडू पडलं, तिथूनच बाई पाण्याची पखाल घेऊन गेली. मला ते बघवलं नाही, गेम बंद केला. चुकतंय कुठे?

कडबाकुट्टी:
दादा, पेंढा तुमच्या छपरांनी खाल्लाय. झोपडीचं छप्पर कुजत जातं आणि दुरुस्तीला पेंढाच लागतो. आपल्याकडे शाकारणी करतात, तेच. शेळ्यांच्या तोंडचा घास छपरावर चढतोय. त्यात वाटाण्यातून पेंढा मिळत नाही, तो धान्यातूनच. एक वाटाण्याचं शेत मोडा, तिथे जव नाहीतर गहू पेरा. आणि बर्फाआधी म्हाताऱ्या शेळ्या कापा. जीवावर येतं, पण मांस वाळवायला वेळ मिळतो आणि वैरण निम्म्यावर येते. आमच्या घरीही आजोबा दिवाळीनंतर कडब्याची गंजी मोजूनच ठरवायचे, कोणतं जनावर बाजारात न्यायचं.

रानवाट:
छपराचं डोक्यातच आलं नव्हतं! पण कापणी वेळेत होत नाही, त्याचं काय? निम्मं जव उभंच राहतं आणि बर्फाखाली जातं.

कडबाकुट्टी:
स्क्रीनवर वरती कामाचा टक्का दिसतो, म्हणजे माणसांच्या मानाने कामं किती, तो शंभराच्या पुढे आहे का? असेल तर सुगीत लाकूड, चकमक, शिकार, सगळी कामाची क्षेत्रं बंद करा. विळे आधीच करून ठेवा.

घोडकाठ:
थोडं विषयाला सोडून. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं. इ.स.पू. 1600 ते 700च्या सुमाराची ताम्रपाषाणयुगीन वस्ती. मी जाऊन आलोय. जव तिथेही पिकायचा. गोल झोपड्यांच्या खांबांचे खळगे सापडले, त्यांवर गवताचीच छपरं असणार. गेम युरोपचा आहे, पण रानवाट, तुमची अडचण वाचून मला तेच खळगे आठवले. ताम्रयुगात पोचलात की कळवा.

रानवाट:
शरदातल्या सेव्हवरून परत खेळलो. आठ शेळ्या कापल्या, शिकार पूर्ण बंद ठेवली, एकूण एक माणूस कापणीला लावला. जव पहिल्या बर्फाआधी घरात आला. वाटाण्याचं शेत पुढच्या वसंतात बदलणार. हिवाळा संपला तेव्हा 31 पेंढ्या शिल्लक होत्या आणि चौदाच्या चौदा शेळ्या-मेंढ्या उभ्या. तीन करडं झाली आहेत. घोडकाठ, इनामगावला पुण्याहून एसटी कुठपर्यंत जाते?