बेन्नूची माती आणि उल्का, फरक आहे
वर कोणीतरी लिहिलंय की अमिनो आम्लं (ज्यांच्यापासून प्रथिनं बनतात ते रेणू) तर १९६९ ला ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही सापडली होती, मग बेन्नू लघुग्रहावरून माती आणायचा एवढा खटाटोप कशाला. अहो, खरी मेख तिथेच आहे. उल्का जमिनीवर पडली की तिला लगेच हवा, ओल, जंतू लागतात, मग त्यातलं मूळचं काय आणि इथलं काय हा वाद संपतच नाही. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेली माती मात्र नायट्रोजनमध्ये ठेवूनच हाताळली, डब्याचे ३५ पैकी २ स्क्रू अडकले तेव्हाही घाई न करता खास अवजारं बनवली आणि जानेवारी २०२४ ला ते निघाले. एकूण माती १२१.६ ग्रॅम, बस्स!

या जपणुकीमुळेच त्यात खारं पाणी आटून मागे राहिलेले क्षार दिसले, जे आपल्या दमट हवेत टिकलेच नसते. सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं मिळाली, डीएनए-आरएनएचे पाचही बेस (आनुवंशिक माहितीची जणू अक्षरं) मिळाले. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच, अमिनो आम्लांचे रेणू हातमोज्यांसारखे डावे-उजवे असतात आणि पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांसाठी जवळपास फक्त डावेच वापरतात, बेन्नूत मात्र दोन्ही साधारण सारखेच निघाले. म्हणजे हा डावेपणा अवकाशातूनच आला असं जे म्हटलं जायचं त्याला चांगलाच धक्का बसलाय.