मदत हवी आहे: जुनी जर्मन नेमबाजीची रायफल, चेंबर कापावं की पुंगळ्या बनवाव्यात?

नमस्कार मंडळी,

इथे बंदुकांवरचे धागे क्वचितच निघतात, पण लेथवर काम करणारे आणि जुन्या यंत्रांत जीव असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. शेजारच्या आजींनी दोन महिन्यांपूर्वी मला एक रायफल दिली. त्यांचे सासरे १९४५ साली अमेरिकी सैन्यातून जर्मनीतल्या थुरिंगियात होते, तिथून ती आली. आजींचं म्हणणं एवढंच होतं, "भिंतीवर टांगू नकोस, तिच्यातून पुन्हा गोळी सुटली पाहिजे." सगळी कागदपत्रं रीतसर विक्रेत्यामार्फत माझ्या नावावर झाली आहेत, त्यामुळे ती बाजू निकालात आहे.

रायफल सूल गावच्या हेनेल कारखान्याची, आयट पद्धतीची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कार्ल विल्हेल्म आयटने १८८४ साली या रचनेचं पेटंट घेतलं. एका वेळी एकच काडतूस. चापाच्या कड्याला जोडलेली दांडी खाली ओढली की नळीमागचा वक्र ठोकळा खाली झुलतो. त्याची बिजागरी बरीच पुढे, नळीच्या खाली आहे, त्यामुळे ही हालचाल फार मऊ होते. पन्नास वर्षं तेल न लागलेल्या या रायफलीतही ती मऊच आहे. ज्याने हे बसवलं त्याच्या हाताला दंडवत.

नळीच्या खालच्या बाजूला मुकुटाचे छाप आहेत आणि त्यांखाली बी, जी आणि यू ही अक्षरं. बी म्हणजे चाचणीचा बार काढला, जी म्हणजे नळीला आतून वळसेदार खाचा आहेत, यू म्हणजे तपासणी झाली. हा सगळा जर्मनीच्या १८९१ च्या कायद्याचा शिक्का. शेजारी ८,१५ × ४६½ असं कोरलंय. हे काडतूस सूलच्याच आडोल्फ फ्रोनने १८९० च्या दशकात काढलं, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्मन नेमबाज मंडळांत त्याचंच राज्य होतं. गावोगावच्या शूत्सेनफेस्टमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या जत्रेत, उभ्याने नेम धरून याच जातीच्या रायफलींनी लोक त्या वर्षीचा 'नेमबाजांचा राजा' होत. दस्त्याच्या गालाजवळ लाकूड एका जागी जास्त गुळगुळीत झालंय. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे गाल टेकवला आहे.

आता अडचण. दस्ता अक्रोडाचा, सुकून पांढरट पडला होता, पण चिरला नाही. त्याला मी काही खरवडलं नाही. जवसाचं तेल अंगठ्याच्या उष्णतेने दोन-दोन थेंब चोळतोय, रोज रात्री. बाहेरच्या गंजाला तेल लावून १९८२ च्या आधीच्या तांब्याच्या एका सेंटच्या नाण्याने हळूहळू उचललं. नवीन नाणं आतून जस्ताचं असतं, ते चालत नाही. तांबं लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि खालचा जुना काळा रंग शाबूत राहतो. तारेचा ब्रश लावला असता तर तो रंगही गेला असता.

खरा प्रश्न चेंबरचा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीचा. पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) मान, म्हणजे गोळी धरणारं पुढचं टोक, जिथे बसते तिथे आत गंजाने खड्ड्यांचं कडं झालंय. सेरोसेफ ओतून साचा काढला. ज्यांनी वापरलं नाही त्यांना सांगतो, हा बिस्मथचा मिश्रधातू उकळत्या पाण्याच्या खालच्या तापमानालाच वितळतो. आधी अर्धा तास आकसतो, मग फुगतो, आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. म्हणून तासानंतरच मोजायचं. साचा शिसपेन्सिलीच्या रंगाचा निघाला आणि त्याच्यावर प्रत्येक खड्डा उलटा, पुरळासारखा उमटला होता. मागचा भाग स्वच्छ. नळीतून पितळी काठीने मऊ शिशाची गोळी ढकलून खाचांचा व्यास पाहिला, ८.२० मिमी आला. खाचा छान आहेत, धार अजून दिसते.

इथल्या एका बंदूक-कारागिराने पाहून सांगितलं, ".३२-४० करून घे. रीमर घालतो, खड्डे जातील, गोळीचा व्यासही जवळचा आहे आणि पितळ मिळतं." (.३२-४० हे अमेरिकी काडतूस, रीमर म्हणजे चेंबर कापून मोठं करायचं हत्यार, आणि पितळ म्हणजे पुंगळ्या.) युद्धानंतर इथे आलेल्या कित्येक शूत्सेन रायफलींचं हेच झालं. पण मी दोन्ही मापं शेजारी ठेवली तेव्हा वाटलं की हिशेब पटत नाही. .३२-४० ची पुंगळी ५४ मिमी लांब, आपली ४६. म्हणजे पुढची आठ मिमी जागा सरळ खाचांतून कापली जाणार. आणि जिथे खड्डे आहेत तिथे माझ्या हिशेबाने दोन्ही पुंगळ्यांच्या व्यासात फार फरक पडत नाही. म्हणजे खड्डे बरेचसे राहतील आणि मूळ चेंबर मात्र कायमचं जाईल. एकदा पोलाद कापलं की परत लावता येत नाही. पुंगळी चुकली तर ती फेकून दुसरी करता येते. मला तिचं चेंबर कापायचं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे .३०-३० या दुसऱ्या अमेरिकी काडतुसाच्या पुंगळ्यांपासून बनवणं. तळाचा व्यास जवळजवळ सारखाच, पण बुडाची बाहेर आलेली कडा मोठी, ती लेथवर कमी करावी लागते. मग मान रुंद करून लांबी कापायची. .३२ विंचेस्टर स्पेशलची मान आधीच मोठी असते, पण त्या मिळवायला शोधावं लागतं. दारू किती, दाब किती हे मी इथे विचारत नाहीये. तो भाग जाणत्या माणसाकडूनच ठरवणार, आणि कारागिराने तपासल्याशिवाय एकही बार काढणार नाही. कुणी असं पितळ बदललंय का? आणि मानेजवळ खड्डे असतील तर पुंगळी अडकते का?

---

भर (दहा दिवसांनी):

सर्वांचे मनापासून आभार. ज्यांनी नळीत नवीन अस्तर बसवायला सांगितलं त्यांना: खाचा चांगल्या आहेत म्हणून सध्या तो विचार नाही, पण दुसऱ्या रायफलीसाठी लक्षात ठेवतो. पुण्याच्या त्या दादांनी कडा कमी करण्याआधी चेंबरमधली कडा बसायची खोबण मोजायला सांगितली, ते फार मोलाचं ठरलं. माझ्या रायफलीतली खोबण पुस्तकी मापापेक्षा किंचित उथळ निघाली. तसं न पाहता पुंगळ्या कापल्या असत्या तर ठोकळा वर आलाच नसता.

काल मित्राच्या लेथवर पहिली पुंगळी झाली, प्राइमर (बुडातली ठिणगी पाडणारी टिकली) आणि दारूशिवाय, नुसतं पितळ. देवघरातल्या निरांजनावर धरून तिच्यावर काजळी आणली आणि हळूच चेंबरमध्ये सरकवली. ठोकळा वर आला, टक्क असा आवाज झाला. बाहेर काढली तेव्हा खांद्याजवळ, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथे, एका बाजूची काजळी पुसली गेली होती, बाकी सगळीकडे मखमलीसारखी होती. खांदा केसभर मागे घ्यायचा, एवढंच. मानेजवळच्या खड्ड्यांवर काजळी अजिबात घासली नव्हती, म्हणजे रिकामी पुंगळी तरी अडकत नाही. बार काढल्यावर पितळ फुगून त्या खड्ड्यांत शिरेल का, हे मात्र अजून कळायचं आहे. कारागिराला तो साचा दाखवला. तो बराच वेळ बोटावर फिरवत राहिला आणि म्हणाला की रीमर नको, आधी कमी दाबाच्या शिशाच्या गोळ्यांनी पाहू, दुरून दोरी ओढून.

आता एकच वस्तू कमी आहे. मागच्या नेमपट्टीचा, म्हणजे दस्त्याच्या मुळाशी उभ्या राहणाऱ्या भोकवाल्या डायॉप्टरचा खांब गायब आहे, फक्त पाया राहिलाय. पायाची खाच ११ मिमी रुंद आहे आणि उजव्या अंगाला स्क्रूचं एक छिद्र आहे. हेनेल-आयटवर बसणारा जुना खांब कुणाकडे असेल, किंवा पूर्ण रायफल असलेल्या कुणी नुसती मापं घेऊन दिली तरी चालेल. मी इथे घडवून घेईन. फोटो हवे असतील तर व्यनि करा, सगळ्या कोनांतून काढून ठेवले आहेत.