आसरा चौकात ट्रेलरच्या डाव्या बाजूला अडकलो, चूक कुणाची?

सैफुलचा सायकलवाला
मंडळी, मी सोलापुरात रोज सैफुलवरून अक्कलकोट रोड एमआयडीसीला सायकलवर कामाला जातो. परवा आसरा चौकात गर्दीत एक सिमेंटचा ट्रेलर थांबलेला, डावीकडं सायकलपुरती जागा होती म्हणून सवयीनं पुढं घुसलो. गाडी हलली, तोंड आधी जरा उजवीकडं काढलं म्हणून मला वाटलं सरळ चाललाय, अन् बघतो तर मागची चाकं माझ्याकडंच येऊलालीत. सायकल टाकून उडी मारली. हँडल वाकलं, गुडघा फुटला. ड्रायव्हरला कळलंपण नाही, गेला निघून. वरून पब्लिक मलाच, काय बे मधी कशाला घुसतो. सगळं सायकलवाल्यानंच सांभाळायचं का?

क्लीनर_साइड
भावा वाचलास. मी ११ वर्षं ट्रेलर चालवलाय, खरं सांगतो, तू त्याला दिसलाच नसणार. ड्रायव्हर उजवीकडं बसतो, डाव्या दाराखाली काय आहे ते आरशात येत नाही, बंपरला चिकटून पुढं कोण उभं राहिलं तरी तेच. लांब गाडी डावीकडं वळवायची तर आधी तोंड उजवीकडं काढावंच लागतं, नाहीतर मागची चाकं फुटपाथवर चढतात, कारण ती पुढच्या चाकांच्या मागून जात नाहीत, आत कापत येतात. म्हणजे तुला जी जागा मोकळी दिसली ना, ती गाडी वळताना बंदच होणार असते. तिथं घुसू नको. मागं थांब, चार मिनटं उशीर झाला तर मालक हाकलत नाही. आणि ड्रायव्हरचं तोंड तुला आरशात दिसत नसेल तर तूपण त्याला दिसत नाहीस असं समज.

तळ्याकाठचा
हे बरंय, आरसा त्यांचा नीट नाही आणि शहाणपण आम्ही शिकायचं. लंडनमध्ये १२ टनांवरच्या गाड्यांना केबिनमधून बाहेरचं किती दिसतं त्यावरून ० ते ५ स्टार देतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ३ पेक्षा कमी स्टार असतील तर कॅमेरे, सेन्सर बसवल्याशिवाय गाडी शहरात आणता येत नाही. आपल्याकडं क्लीनर दरवाजा बडवून "आने दो" म्हणतो तोच सेन्सर, आणि आता तर क्लीनरपण ठेवत नाहीत.

क्लीनर_साइड
मालक, बरोबर आहे तुमचं, कॅमेरे पायजेतच. पण ते येईपर्यंत ह्यानं काय करायचं? चूक कुणाची ते पोलीस ठरवतील, पाय ह्याचा जाईल.

ऊसतोड सीझन
ट्रेलरचं सोडा, थोड्या दिवसात कारखाने चालू झाले की डबल ट्रॉल्या बघा. रात्री मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं भरलेला, ऊस दोन्ही बाजूंनी हातहातभर बाहेर. माझ्या चुलत्याच्या कानाला टिपरू घासून गेलं मुळेगावजवळ. तेव्हापासून ट्रॉली मागून आली की मी सरळ खाली मातीत उतरतो. दुसरं म्हणजे हायवेला मोठी गाडी जोरात बाजूनं गेली की आधी वारं बाहेर ढकलतं आणि मग आत ओढतं, त्या टायमाला हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, एक हात मोबाईलला नको. मागं लाल लाइट लावा, दोन-तीनशेत येतो.

सैफुलचा सायकलवाला
लाइट घेतला. आणि काल सुट्टी होती म्हणून मार्केट यार्डला जाऊन एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसलो, मेव्हण्याला सायकल घेऊन डाव्या दाराशी उभं केलं. सहा फुटी माणूस आहे ओ तो. दारापाशी होता तोवर टोपीपण दिसली नाही, पार मागच्या चाकांपाशी गेला तेव्हा आरशात जरासा आला. ड्रायव्हर तंबाखू मळत हसत होता, म्हणला मला तर रोज असंच दिसतंय.

तळ्याकाठचा
मग कॅमेरा बसव म्हणावं त्याला 😀

सैफुलचा सायकलवाला
म्हणलं ना. तर म्हणतो मालकाला सांगा, गाडी माझी आहे का.