मदत हवी आहे: वाळवंटी हवेतलं घर, भिंत जाड मातीची की उष्णतारोधक?

नमस्कार मंडळी,

उष्ण, कोरड्या वाळवंटी प्रदेशात कुटुंबासाठी घर बांधायचं आहे. घरात वृद्ध आई-वडील आहेत आणि लहान मुलंही. एसी जवळपास लागू नये, पाणी कमी लागावं आणि पुढच्या पिढीलाही घर पुरावं, अशी इच्छा आहे. आराखडा बराचसा ठरलाय, पण भिंतींवर येऊन सगळं अडलंय.

ठरलेलं आधी सांगते. घराची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेला. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडक्यांना साधा छज्जा पुरतो. पश्चिमेचं तिरपं ऊन मात्र छज्ज्याखालून थेट आत घुसतं, म्हणून तिकडे राहती खोलीच ठेवलेली नाही. जिना, कोठीघर आणि न्हाणीघर त्या बाजूला. खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा, कारण ऊन एकदा काचेतून आत आलं की आतल्या पडद्याचा फारसा उपयोग उरत नाही. मधे लहान चौक, गच्चीवर पांढरा चायना मोझॅक.

आता अडचण. जाड मातीची भिंत उष्णता थोपवत नाही, उशिरा आत पोचवते. 40-45 सेंटिमीटरच्या भिंतीतून दुपारचा ताप आत उतरायला साधारण दहा-बारा तास लागतात. दिवस-रात्रीत 15-20 अंशांचा फरक असेल तर हे फार छान, कारण रात्री खिडक्या उघडल्या की भिंत निवते आणि दुसऱ्या दिवसासाठी तयार होते. पण आमच्याकडे उन्हाळ्यातले काही आठवडे रात्रीसुद्धा पारा 30 च्या खाली येत नाही. तेव्हा भिंत निवणार कधी? उलट ऐन झोपेच्या वेळी ती आत उष्णता सोडत बसणार.

जुन्या वाळवंटी घरांबद्दल वाचताना एक गोष्ट जाणवली. त्यांच्या जाड भिंतींचं कौतुक भरपूर होतं, पण बऱ्याच ठिकाणी लोक उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपत, हे क्वचितच कुणी लिहितं. माझ्या मते त्या घरांचं अर्धं यश त्यात आहे. दिवसा खाली आणि रात्री उघड्या आकाशाखाली, असं राहणंच ठरलेलं होतं. आई-वडिलांना रोज जिना चढायला लावणं मला पटत नाही, आणि धुळीचं वादळ कधी येईल याचा नेम नसतो.

म्हणून विचार असा आहे: बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर जाड मातीचं, झोपायच्या खोल्या हलक्या, रॅट ट्रॅप पद्धतीच्या (विटा कडेवर उभ्या रचून मधे पोकळी सोडलेल्या) वीटकामाच्या. अशी मिश्र रचना कुणी केली आहे का? आणि बादगीर, म्हणजे वारा पकडून घरात उतरवणारा मनोरा? इराणमधल्या यझ्द शहरातल्या दौलताबाद बागेतला बादगीर सुमारे 33 मीटर उंच आहे. घरगुती मापाचा लहान बादगीर खरंच हवा खेळवतो, की नुसती धूळ आत आणतो?

प्रतिसाद:

ताई, दिशा बरोबर आहे, पण भिंतीआधी छताकडे बघा. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छतावर पडतं. चायना मोझॅक चांगलाच, पण धूळ बसली की त्याची परावर्तन करण्याची ताकद घटते, म्हणून त्याखाली उष्णतारोधक थर हवाच. सोलर पॅनेल लावणार असाल तर छतापासून थोडं उंच लावा. खालून वारा गेला की छताला सावली मिळते आणि पॅनेलही कमी तापतात. तापलेलं पॅनेल वीज कमी देतं.

मातीही ठेवायची असेल तर क्रम बदला: माती आतून, उष्णतारोधक थर बाहेरून. मग दिवसाचा ताप भिंतीत साठतच नाही, आणि आतली माती तापमान स्थिर ठेवते. झोपायच्या खोल्या हलक्या ठेवण्याचा विचार योग्यच आहे, त्या रात्री लवकर निवतात. फक्त पोकळ वीटकामाकडून फार अपेक्षा ठेवू नका. ते साध्या भिंतीपेक्षा बरं, पण खऱ्या उष्णतारोधक थराची जागा घेत नाही.

बादगीर वेगळा बांधू नका. तुमचा जिना पश्चिमेला आहे, तो तापणारच. त्याच्या डोक्यावर झडपा ठेवा. गरम हवा वरून निघून जाईल आणि चौकातली गार हवा खोल्यांतून ओढली जाईल. बाहेर आतल्यापेक्षा जास्त गरम असेल तेव्हा मात्र सगळं बंद. कूलरचं म्हणाल तर एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 0.67 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता शोषतं. म्हणजे काम चोख, पण पाणी सतत लागतं, आणि दमट हवेत तो जवळपास निकामी. तो फक्त झोपायच्या खोलीपुरता ठेवा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. जिन्याचं अजिबात सुचलं नव्हतं, आजच आर्किटेक्टशी बोलते. बाहेरच्या थराबद्दल एक शंका राहिली. आमच्याकडे वाळवी फार आहे, त्यामुळे गवत, बोरू किंवा लाकडाचा भुसा नको वाटतो. फोम वापरायचं मन होत नाही. वाळवी न लागणारा आणि वर चुन्याचा गिलावा धरून ठेवेल असा कोणता थर कुणी वापरला आहे? दिवस-रात्रीच्या फरकाने गिलाव्याला तडे गेले का, आणि आत जाळी घातली होती का, तेही कृपया सांगा.