मस्कतमध्ये शिकवताना दूरशिक्षणाने पदव्युत्तर पदवी: एम.ए. शिक्षणशास्त्र की गणित?

दाभोळकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची गुहागर तालुक्यातील असून मस्कतमधील एका भारतीय शाळेत माध्यमिक वर्गांना गणित शिकवते. माझे बी.एस्सी. व बी.एड. झालेले आहे. काही वर्षांनी परतून चिपळूण किंवा रत्नागिरी परिसरात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्याची इच्छा आहे. तोपर्यंत पदव्युत्तर पदवी हाती असावी म्हणून इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) एम.ए. शिक्षणशास्त्र या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याच्या विचारात आहे. स्वाध्याय आणि परीक्षा यांचा मेळ येथील नोकरीशी कसा घालावा? शिवाय, मुक्त विद्यापीठाची पदवी दुय्यम मानली जाते, असे घरची मंडळी सांगतात, ते कितपत खरे आहे?

मांडवीचे मास्तर

ताई, घरच्यांची शंका आधी दूर करतो. इग्नू हे संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे आणि मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा दुय्यमपणाचा प्रश्न उरत नाही.

मला काळजी वाटते ती तुमच्या विषयाच्या निवडीची. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचे, तर बी.एड.बरोबर गणितातलीच पदव्युत्तर पदवी, तीही किमान ५० टक्के गुणांची, मागितली जाते. एम.ए. शिक्षणशास्त्र कितीही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालात, तरी ती अट त्याने पूर्ण होत नाही. पुढे अध्यापक महाविद्यालयाकडे किंवा शाळेच्या प्रशासनाकडे वळायचे असेल, तर त्या पदवीचा विचार अवश्य करावा. पण आपण जे पद मनात धरले आहे, त्यासाठी ती वाट वाकडी आहे. आखाती देशांत गेलेले आपले अनेक शिक्षक सोय पाहून पदवी निवडतात आणि परतल्यावर जाहिरातीतील पात्रतेचा रकाना वाचून हिरमुसतात, हे मी रत्नागिरीत वारंवार पाहिले आहे.

गणितासाठी मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्रही पाहावे. १९७१ पासून चालत आलेल्या या केंद्राला पूर्वी आयडॉल म्हणत. तेथे सत्रपद्धती आहे, म्हणजे वर्षातून दोनदा परीक्षा, आणि हिवाळी सत्राच्या वेळी तुम्हाला मस्कतहून रजा मिळेलच असे नाही. इग्नूचा गणिताचा एम.एस्सी. अभ्यासक्रम संगणकशास्त्रातील उपयोजनांसह असून तो मोजक्याच अभ्यासकेंद्रांवर चालतो. त्यातील प्रात्यक्षिकांसाठी केव्हा हजर राहावे लागेल, हे प्रवेशापूर्वीच केंद्राला विचारून घ्यावे.

पुन्हा मालवणात

मी बहारीनमध्ये शिकवत असताना इग्नूतून एम.ए. पूर्ण केले, म्हणून व्यवहाराच्या बाजूने लिहिते. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोन वेळा होतात. आखातातील भारतीय शाळांना उन्हाळ्याची सुट्टी साधारण त्याच जून-जुलैच्या सुमारास असल्यामुळे मी डिसेंबरचा नाद सोडून सर्व विषय जूनसाठी राखून ठेवत असे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करायला कमाल चार वर्षे मिळत असल्याने हे जमते. मात्र जून म्हणजे कोकणातला ऐन पाऊस. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक, घाटातली दरड, खंडित वीज, हे सारे गृहीत धरून परीक्षेच्या आदल्या दिवशीच केंद्राच्या गावी मुक्कामाला जावे. सकाळी निघून वेळेत पोहोचू, या भरवशावर राहू नये.

बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना ३० टक्के भार असतो आणि ते स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे लागतात. शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर पुन्हा पेन हाती धरण्याचा कंटाळा येतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नकोच. मी शुक्रवारची सकाळ त्यासाठी ठेवली होती. पाठ्यपुस्तके ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे टपालाची वाट पाहावी लागत नाही.

एक गोष्ट आत्ताच करून ठेवा. दूरस्थ अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी आता डेब आयडी (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी-क्रमांक) आणि त्यासाठी शैक्षणिक श्रेयांक पेढीचा, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक ऑनलाइन नोंदवणाऱ्या खात्याचा, क्रमांक लागतो, आणि त्याची पडताळणी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होते. परदेशात गेल्यावर भारतातले सिम बंद पडू देणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

दाभोळकाठ

मास्तर, आभारी आहे. पात्रतेचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता गणिताचाच विचार करते. येथील शाळेत वेतनवाढीसाठी ही पदवी चालेल का?

मांडवीचे मास्तर

ते शाळेच्या व्यवस्थापनाकडून प्रवेश घेण्याआधी लेखी घ्यावे, कारण दूरशिक्षणाविषयी प्रत्येक शाळेचे धोरण सारखे नसते. कागदपत्रांची बाजू त्यामानाने सोपी आहे. ओमान हा अपॉस्टिल (कागदपत्र खरे असल्याचा, करारातील सर्व देशांत चालणारा शिक्का) करारातील देश असल्यामुळे पदवी प्रमाणपत्र महाराष्ट्र शासनाकडून प्रमाणित करून घेतल्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल पुरतो, दूतावासाचे आणखी एक दार ठोठावावे लागत नाही. तुमच्या बी.एड.च्या वेळी हे केले असेल, तर त्याच एजंटाकडे चौकशी करा आणि मूळ गुणपत्रिका मात्र कोणाच्याही हाती पावतीशिवाय देऊ नका.