मेंदूतील गाठीचे निदान कवटी न उघडता होऊ शकते का?

प्रश्न: माझ्या काकांच्या मेंदूतील गाठ अशा जागी आहे की तिचा तुकडा काढणे धोक्याचे ठरेल, असे डॉक्टर म्हणतात. श्राव्यातीत ध्वनीच्या (अल्ट्रासाउंडच्या) साहाय्याने तिचे जनुकीय निदान होते, हे खरे आहे काय?

उत्तर १: होय, मात्र ही नेहमीची सोनोग्राफी नव्हे. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडून गाठीवर ध्वनिलहरी केंद्रित केल्या की ते बुडबुडे आकुंचन-प्रसरण पावतात, रक्त आणि मेंदू यांमधील अडथळा तात्पुरता सैल होतो आणि गाठीचा डीएनए रक्तात उतरतो. मग तपासायचे ते हातातून घेतलेले रक्त.

उत्तर २: अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीच्या मानवी चाचणीत रुग्ण अवघे ५ होते. त्यामुळे बायोप्सीऐवजी, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीऐवजी, यावर आज विसंबू नये, असे माझे मत आहे.